‘उलटी छत्री’चं आवतण

रविवारी दुपारी बारा वाजले की घोडेगावची पेठ ओस पडायची. भजीवाला कढईखालचा स्टो बारीक करायचा. सलूनमध्ये अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक साबणाच्या तोंडानंच टीव्हीकडे वळायचं, आणि न्हावीही वस्तरा हातात धरून तिकडेच बघत राहायचा. कारण बाराला ‘उलटी छत्री’ लागायची.

दोन हजार एकचा पावसाळा होता. कापडवाल्या मदनलालशेठच्या गच्चीवर केबलची डिश होती आणि डिशला सगळा गाव छत्रीच म्हणायचा. केबलचा धंदा शेठच्या मुलाचा, बंटीचा. एक चॅनल त्याच्या हातात मोकळं होतं. त्यावर लग्नाच्या कॅसेटी आणि जुने सिनेमे लावून तो कंटाळला होता. टीव्हीवर जे जे चालतं त्याची टर उडवायची, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्याला साळुबाई सापडली.

सापडली म्हणजे काय, ती समोरच होती. दुकानाच्या ओट्यावर तिचं मशीन असायचं. साड्यांना फॉल-पिको करता करता ती आदल्या रात्रीची मालिका सांगायची. तिच्या मालिकेतली सासू अंगभर दागिने घालून झोपायची, सून फ्रिज उघडायची, मग तीन वेळा वीज कडाडायची आणि आत शिळं वरण निघायचं. वीज साळुबाई तोंडानंच कडाडवायची. बायका साडी न्यायला यायच्या आणि हसून हसून पिशवी विसरून जायच्या.

“साळूताई, हे कॅमेऱ्यासमोर करणार का?” बंटीनं विचारलं.

“आन्‌ मालकांनी घराबाहेर काढलं तर?”

“तर आमच्या गोडाऊनमध्ये राहा. सेट लागलेलाच असेल.”

मालकांनी काही घराबाहेर काढलं नाही. साळुबाईचा नवरा गोरख लोणीचा, एसटीत कंडक्टर, देवधर्म आणि टीव्ही दोन्हींपासून लांब राहणारा. “कर काय करायचं ते,” तो म्हणाला. “मला रईवारी डुटी असती. आपली पोर हर्षाली लोणीला आजीपाशी हाय, तिला तेवढं बिघडवू नको म्हंजे झालं.” त्यानं तो कार्यक्रम कधीच पाहिला नाही. पुढच्या गोष्टीसाठी हे लक्षात ठेवायला हवं.

पहिल्या भागाचं चित्रीकरण मे महिन्यात झालं. त्या दिवसांत पडद्यावर मोठमोठी लग्नं गाजत होती. शंभर नातेवाईक, पन्नास गाणी आणि भांडण एकही नाही! बंटीनं ठरवलं, आपणही लग्न लावायचं. कुणाचं? छत्रीचं. गच्चीवरची जुनी डिश उतरवली, तिला मुंडावळ्या बांधल्या, हळद लावली आणि जीपमध्ये बसवली. साळुबाई नवरदेवाची आई. लग्नाचे व्हिडिओ काढणारे धर्माजी खांद्यावर कॅमेरा घेऊन मागे. पेठेत शूटिंग करायचं तर बघ्यांची जत्रा झाली असती, म्हणून गाडी निघाली डिंभ्याला.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं जुनं गाव वर यायचं. भेगाळलेला गाळ, जोत्यांच्या ओळी, दारांपुढच्या पायऱ्या, कुठं एखादं जातं. साळुबाईचं माहेर तिथलंच. तिच्या लग्नाआधीच, पाणी यायच्या आदल्या साली, तिची आई प्रयागबाई वारली होती. तिचा एक फोटो तेवढा होता, जत्रेत काढलेला. पण ऐन वेळी प्रयागबाईला हसू फुटलं आणि तिनं तोंडाला पदर लावला. फोटोत नुसता पदर. साळुबाईकडे आईचं म्हणून काही उरलंच असेल, तर ते हसू. आधी नाकात दाबलेलं, मग मडकं फुटल्यासारखं बाहेर सांडलेलं आणि शेवटी दम लागून, “अगं माझे आई!” ते आठवायला गेलं की अलीकडे शेवटचे शब्दच आठवायचे, आवाज यायचा नाही. आवाज विसरत चालला होता, आणि त्याची तिला फार धास्ती वाटायची.

“आता आवतण द्यायचं,” बंटी म्हणाला. “रिकाम्या गावाला. लोक मरतील हसून.”

साळुबाईनं कुंकवात भिजवलेले तांदूळ घेतले. कॅमेरा सुरू झाला. तिला गंमतच करायची होती, पण पाय त्या वाटेला लागले आणि हात आपोआप खरं करायला लागले. कुठलं जोतं कुणाचं, तिला पाठ होतं. एकेका पायरीवर तिनं अक्षत ठेवली, वाकून, घरच्या कारभाऱ्याचं नाव घेऊन. “भिमाजीआबा, चूलबंद आवतण हाय बरं का. रईवारी बाराला. सावळेरामदादा, चूलबंद!”

“चूलबंद म्हणजे?” बंटीनं मध्येच विचारलं.

“अवो, त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटायची न्हाई. लहानथोर समद्यांनी आपल्याकडंच यायचं. कुणी मागं ऱ्हायचं न्हाई.”

आईच्या पायरीशी ती थांबली. तिथं तिनं नाटकी आवाज काढला नाही. “आई,” ती हळूच म्हणाली, “तू बी ये.”

मागून काठी आपटल्याचा आवाज झाला. गेणभाऊ उभे होते. जुन्या गावचे, थकलेले, पाणी उतरलं की दरसाल गावदेवाला नारळ द्यायला येणारे. मुंडावळ्या बांधलेल्या डिशकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पायऱ्यांवरचे तांदूळ बघत राहिले.

“साळे, ह्ये काय केलं?”

“गंमत हाय, गेणभाऊ. टीव्हीसाठी.”

“नाव घेऊन अक्षत ठिवली. आन्‌ म्हणं गंमत.” ते खाली बसले. “दिलेलं आवतण माघारी घेता येत न्हाई, बाय. आन्‌ आवतणाला गेलेला मानूस एक दिस आपल्या चुलीवर बोलावतोच. त्याबिगर त्याला चैन पडत न्हाई.”

बंटी हसला. धर्माजी हसले नाहीत, पण त्यांनी कॅमेरा बंदही केला नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी ‘उलटी छत्री’ लागली. गच्चीवरच्या खोलीत बंटीनं व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवली. साळुबाई खाली दुकानात, मदनलालशेठ आणि दहा-पंधरा बायकांच्या मध्ये, पदराचं टोक चावत बसली होती.

पडद्यावर छत्री नवरदेव झाली. दुकान हसलं. आणि टीव्हीच्या आतूनही कुणी हसलं.

एक-दोघं नव्हे, चांगलं मांडवभर माणूस हसावं तसं. मुंबईच्या कार्यक्रमांत हसतात तसलं ठोकळेबाज नाही. खोकत, मांडीवर थाप मारत, एकमेकांना ढोसत. बायका म्हणाल्या, “लई भारी केलंय! हसणारी मानसं कुठनं आणली गं?”

साळुबाईला वाटलं, बंटीनं घातलं असेल. बंटी जिन्यावरून धावत खाली आला. त्याला वाटलं, धर्माजींनी. धर्माजी दारातच उभे होते, छत्री मिटायचं विसरून.

“मी काय बी घातलं न्हाई,” ते म्हणाले. “आन्‌ एक ध्यानात आलं का? ती आधी हसत्यात.”

खरंच होतं. साळुबाईच्या तोंडून विनोद निघायच्या किंचित आधी हसू यायचं. आधी हसू, मग गंमत. पुढं काय येणार ते ठाऊक असल्यासारखं.

त्या संध्याकाळी त्यांनी मूळ कॅसेट लावून पाहिली. हसू नव्हतं. सोमवारी पुन्हा केबलवर सोडून पाहिली. तेव्हाही नव्हतं. फक्त रविवारी, फक्त बाराला. दिलेल्या वेळेलाच.

कुणी शहाणा असता तर तिथंच थांबला असता. पण गाव डोक्यावर घेत होतं हो! पोरं शाळेत साळुबाईची वीज कडाडवायला लागली. मंचरहून माणसं केबल मागायला येत होती. दुसऱ्या भागात बंटी सिनेमातला हिरो झाला आणि कांद्याच्या वावरात हात पसरून उभा राहिला. हिरॉईन येईना, कांद्यानं डोळे मात्र वाहत होते. साळुबाईनं बातम्या दिल्या, एक भुवई वर करून: “घोडेगावात आज वीज आली. या दुर्घटनेत जीवितहानी झाल्याचं वृत्त नाही.”

‘दुर्घटना’ म्हणायच्या आधीच टीव्हीतून हसू फुटलं. आणि त्या हशात, सगळ्यांच्या मागून, कुणीतरी नाक दाबून धरलं होतं. मग मडकं फुटलं. मग दम लागला.

“अगं माझे आई!”

साळुबाई ताडकन उठली. मांडीवरची सुपारी दुकानभर विखुरली. बायका तिच्याकडे बघायला लागल्या, तर ती रडत नव्हती. तिचा चेहरा लख्ख उजळला होता, माहेरची बैलगाडी दिसलेल्या पोरीसारखा.

त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. आठवडाभर मशीन चालवायची आणि मनात जुळणी करायची. आईला काय आवडायचं? वांग्याला नावं ठेवणारा जावई. पिठात पडलेली मामी. गुरवाची म्हैस. ती टीव्हीवरच्या जाहिरातींत गुरवाची म्हैस घुसवायला लागली, म्हशीला दूधभुकटी प्यायला लावायला लागली. घोडेगावातल्या निम्म्या लोकांना ते कळायचं नाही. टीव्हीतली माणसं मात्र लोळायची, आणि त्यात आई असायची, दर रविवारी थोडी पुढं आलेली. तिचं हसू आता मागून येत नव्हतं.

गोडाऊनमध्ये बंटीनं हौसेनं एक सतरंजी अंथरली होती, सेटच्या समोर, प्रेक्षकांची म्हणून. तिच्यावर कुणी बसायचं नाही. चौथ्या रविवारी दुपारी बंटीनं आणि साळुबाईनं कुलूप काढलं तर सतरंजी ओली होती. सगळी नाही. हाताहाताच्या अंतरावर गोल गोल. बोट लावलं तर करडा, मऊ गाळ निघाला. उन्हात तापलेल्या धरणाच्या काठाचा वास.

“छत गळतंय,” बंटी म्हणाला. दोघांनीही वर बघितलं. पत्रे कोरडे होते.

सहाव्या भागात त्यांनी भुताच्या मालिकेची टर उडवली. पांढरी साडी, मेणबत्ती, आणि भुताला साडीचा फॉल निघाल्याची काळजी. साळुबाईला वाटत होतं, हा भाग सगळ्यांत जमलाय. दुकानात बायका खदखदत होत्या.

टीव्हीतून कुणी हसलं नाही. एकदाही नाही. लाडक्या पाव्हण्यानं ताटावरून हात आखडून घ्यावा तसं.

त्या सोमवारी मदनलालशेठ गोडाऊनमध्ये गेले आणि बाहेर आले ते तोंड पाडूनच. दिवाळीसाठी भरलेल्या साड्यांच्या गठ्ठ्यांना बुरशी आली होती. वरचा गठ्ठा, मधला, तळाचा, सगळ्या घड्यांतून करडं पाणी झिरपत होतं.

“बस झालं, बंटी,” ते म्हणाले. “हसणं चांगलं आहे. पण माझ्या गोडाऊनमध्ये कोण हसतं ते मला माहीत नाही. येत्या रविवारी शेवटचं. मग कुलूप.”

साळुबाईनं मशीनवरचं कापड तसंच सोडलं आणि डिंभ्याची गाडी धरली. गेणभाऊ पडवीत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, मध्ये फक्त एकदा विचारलं, “भिमाजी खोकतो का अजून?”

“खोकतात,” ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, “पाव्हण्याला निरोप द्यावा लागतो, साळे. पान-सुपारी ठिव. पाठ फिरव. पर तोंडानं काय बी बोलायचं न्हाई. आपली जित्याजागत्या मानसांची सवय लई वंगाळ. कुणी निघालं की आपन म्हनतो, ‘या परत’. त्ये तेवढं म्हनू नको.”

“आन्‌ म्हनलं तर?”

“तर ती आवतणाची परतफेड करायला मोकळी झाली.”

गाडीत खिडकीशी बसून ती घोकत आली, बोलायचं नाही, बोलायचं नाही. पण आतून एक पोर हट्टाला पेटलं होतं. म्हणजे आता पुन्हा ऐकू येणार नाही? कधीच?

शेवटचा भाग बंटीनं थेट सोडायचं ठरवलं. कॅमेऱ्याची वायर गोडाऊनमधून गच्चीवर नेली. सेटच्या बाजूला एक टीव्ही ठेवला, आपण कसे दिसतो ते बघायला. बाहेर पेठ श्वास रोखून बसली होती. साळुबाईनं सगळं केलं. सासू, बातम्या, वीज, म्हैस. असं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. अंगात वारं भरलं होतं. समोरची सतरंजी रिकामी होती, गोडाऊनमध्ये कॅमेऱ्याच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. आणि शेजारच्या टीव्हीत त्याच गोडाऊनमध्ये मांडवभर माणसं कोसळून हसत होती.

सतरंजीवर एक गोल काळा झाला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

बंटीचा चेहरा पांढरा पडला. धर्माजींनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही.

शेवटी साळुबाईनं पान-सुपारीचं तबक सतरंजीच्या कडेला ठेवलं. ठरल्याप्रमाणे पाठ फिरवली.

टीव्हीतलं हसू विरत गेलं. खोकणारा थांबला. मांडीवर थाप मारणारा थांबला. सावकाश, एकेक.

एकच राहिलं. नाकात दाबून धरलेलं. फुटायचं थांबलेलं.

साळुबाई पाठमोरी उभी. ओठ घट्ट मिटलेले.

आणि ते हसू निघालं. दाराकडे. दूर जायला लागलं.

“आई,” ती म्हणाली. “परत ये गं.”

टीव्हीत मडकं फुटलं.

सोमवारी गोडाऊनला कुलूप लागलं. बंटी नव्या सिनेमांच्या कॅसेटी लावायला लागला. लोक थोडे दिवस हळहळले, मग विसरले. साळुबाई दर रविवारी बाराला ते चॅनल लावून बसायची. मारामाऱ्या आणि गाणी. तिचं मन म्हणायचं, ये म्हटलंय, येईल. डिंभ्याचं धरण भरलं. दारं उघडली, घोड नदी दुथडी वाहायला लागली. जुनं गाव पार खाली गेलं.

ऑगस्टातला एक रविवार. उघडीप होती, ऊन छान पडलं होतं. बाराला थोडा वेळ होता, म्हणून साळुबाई चहा टाकायला उठली. लायटर दाबला, ठिणगी पडली, गॅस धरेना. सिलिंडर परवाच लावलेला. तिनं काडी ओढली. काडी विझली. दुसरी ओढली. तीही. नवी काडेपेटी फोडली, तर आतल्या काड्यांची गुलं मऊ पडली होती, बोटाला करडी लागत होती.

ती शेजारणीकडे काडेपेटी मागायला निघाली आणि दारातच थांबली.

पायरीवर अक्षत होती. कुंकवाचे तांदूळ, ओले, फुगलेले. एका बाजूला नीट, वाकून ठेवल्यासारखे.

“बघितलं का?” मागून गोरखचा आवाज आला.

ती वळली. गोरखची त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं अंघोळ केली होती. लग्नातला कोट घातला होता, पेटीतून काढलेला, घड्यांसकट. टोपी नीट करत होता. देवधर्मापासून लांब राहणारा तो माणूस प्रसन्न हसत होता.

“सकाळी तू मोरीत व्हतीस,” तो म्हणाला. “एक म्हातारी आली व्हती. लई गोड बाई. बोलता बोलता हसू आलं की तोंडाला पदर लावायची. म्हनली, दुपारी बाराला आमच्याकडं. चूलबंद हाय.”

साळुबाईनं पायरीवरच्या तांदळांकडे पुन्हा बघितलं.

“आन्‌ चूलबंद म्हनल्यावर पोरीला कसं मागं ठिवायचं? कोपऱ्यावरनं लोणीला फोन लावला. हर्षाली दहाच्या गाडीनं निघाली सुद्धा. येईलच आता.”

भिंतीवरचं घड्याळ बाराला टेकलं होतं. लांब स्टँडकडून एसटीचा हॉर्न आला. साळुबाईनं दाराची चौकट घट्ट धरली. काहीही झालं तरी पोरीला ही पायरी ओलांडू द्यायची नाही, वाटेतच गाठायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

तेवढ्यात तिच्या अगदी मागं, घरात, कुणीतरी नाक दाबून हसलं.

नेहमीसारखं, आधीच. गंमत अजून व्हायची होती.